कंट्रोलरची स्टिक भरकटली, तर आधी आकडा वाचा

स्टिक ड्रिफ्टने वैतागलेल्या माणसाने एक उपाय बहुधा आधीच करून पाहिलेला असतो. गेमच्या सेटिंगमध्ये जायचं आणि डेडझोन वाढवायचा. पात्र आपोआप डावीकडे चालायचं थांबतं, काही आठवडे बरे जातात, मग ते पुन्हा सरकू लागतं आणि डेडझोन आणखी वाढतो. शेवटी स्टिक एक-पंचमांश ढकलेपर्यंत गेमला काही कळतच नाही. नेम धरताना किंवा गाडी हलकेच वळवताना लागणारी बारीक हालचाल सगळी हातची गेलेली असते. मग तो कंट्रोलर कपाटात जातो आणि नवा विकत आणला जातो. असे कपाटात गेलेले बरेच कंट्रोलर वाचू शकले असते, असं माझं ठाम मत आहे. लिनक्सवर तर हे काम अधिक सरळ आहे, कारण स्टिककडून येणारा कच्चा आकडा, त्याच्या मर्यादा आणि त्यावर लागणारी गाळणी या तिन्ही गोष्टी उघड्या दिसतात आणि बदलताही येतात.

टर्मिनलची भीती असेल तर ती बाजूला ठेवा. चार-पाच कमांडींत सगळं काम होतं. कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत, सगळी स्मॉल अक्षरं वापरून टाकायची.

आत नेमकं काय बिघडतं ते आधी पाहू. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली एकमेकांना काटकोनात बसवलेले दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. जुन्या रेडिओचा आवाजाचा कान पिळला की खरखर यायची. तोच हा सुटा भाग, फक्त फार लहान. कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक नाजूक जीभ घासत जाते आणि ती कुठे टेकली आहे त्यावरून व्होल्टेज ठरतं. कंट्रोलरमधली चिप त्या व्होल्टेजचा आकडा करते. ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्समध्ये हा आकडा ० ते २५५ असतो आणि मोकळी स्टिक १२७ किंवा १२८च्या आसपास थांबते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरकडून लिनक्सला तो उणे ३२७६८ ते ३२७६७ या पल्ल्यात मिळतो, मध्य अर्थात शून्य. घासून घासून पट्टी झिजते, निघालेली भुकटी तिथेच साठते, स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल होते. मग हात न लावताही आकडा मध्यावर येत नाही. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनमुळे हा त्रास जगभर गाजला. २०१७मध्ये बाजारात आलेल्या त्या कंट्रोलरबद्दल २०२० साली कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांना भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पण हा दोष एका कंपनीचा नाही. जिथे घासणारी पट्टी आहे, तिथे आज ना उद्या झीज आहेच.

आता आकडा. त्यासाठी ‘एव्हटेस्ट’ नावाचं छोटं साधन लागतं. ई-व्ही आणि पुढे टेस्ट, सगळं जोडून. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च या सगळ्यांच्या भांडारात ते त्याच नावाने आहे. कंट्रोलर शक्यतो केबलने जोडा, स्टीम पूर्ण बंद करा, आणि ‘सुडो एव्हटेस्ट’ चालवा. जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी येईल. त्यात कंट्रोलरच्या नावापुढचा क्रमांक टाका. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची यादीत एकाहून अधिक नावं दिसतील, कारण टचपॅड आणि ‘मोशन सेन्सर्स’ ही तिथे वेगळी उपकरणं असतात. आपल्याला हवं ते यांतलं काहीच मागे न जोडलेलं नाव.

सुडो टाळण्यासाठी स्वतःला ‘इनपुट’ गटात कायमचं घालून घ्यायचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. त्या गटात गेलात की तुम्ही चालवलेला कोणताही प्रोग्राम कीबोर्डवर काय टंकलं जातंय ते वाचू शकतो.

उपकरण निवडल्यावर सुरुवातीलाच प्रत्येक अक्षाची माहिती छापली जाते. व्हॅल्यू म्हणजे आत्ताचा आकडा. मिन आणि मॅक्स म्हणजे पल्ल्याची दोन टोकं. काही कंट्रोलरांत फझ आणि फ्लॅट अशा आणखी दोन ओळी दिसतात. फझ म्हणजे किती बारीक थरथर दुर्लक्षित करायची, आणि फ्लॅट म्हणजे मध्याभोवती सुचवलेला डेडझोन. शून्य असेल तर ती ओळ छापलीच जात नाही. एक्सबॉक्सचा ड्रायव्हर स्टिकसाठी फझ १६ आणि फ्लॅट १२८ ठेवतो. प्लेस्टेशनच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही शून्य असतात. ज्या कंट्रोलरला खास ड्रायव्हर नाही, त्याच्यासाठी कर्नल पल्ल्याचा सोळावा हिस्सा फ्लॅट म्हणून धरतो, म्हणून स्वस्तातल्या ० ते २५५ वाल्या कंट्रोलरांत फ्लॅट १५ दिसतो.

डावी स्टिक म्हणजे एक्स आणि वाय हे अक्ष. उजवी स्टिक बहुतेक नावाजलेल्या कंट्रोलरांत आरएक्स आणि आरवाय असते, साध्या कंट्रोलरांत झेड आणि आरझेड. आता हा प्रयोग करा. स्टिक पूर्ण डावीकडे नेऊन अलगद सोडा, थांबल्यावरचा शेवटचा आकडा कागदावर लिहा. मग उजवीकडून सोडा, वरून, खालून, तिरकस. प्रत्येक दिशेने काही वेळा. त्यानंतर कंट्रोलर टेबलावर ठेवून हात काढून घ्या आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. एव्हटेस्ट आकडा बदलला तरच नवी ओळ छापतं. म्हणून पडदा शांत राहिला तर स्टिक स्थिर आहे.

या कागदाला फार महत्त्व आहे, कारण ड्रिफ्ट एका प्रकारचा नसतो आणि चारही प्रकारांवर एकच औषध लावण्यातच लोकांची फसगत होते.

पहिला प्रकार असा, की स्टिक कुठूनही सोडली तरी ती दरवेळी जवळपास त्याच आकड्यावर येते, पण तो आकडा मध्याचा नसतो. समजा १३८. ही स्टिक झिजलेली असली तरी विश्वासू आहे. तिचा मध्य सरकला आहे, एवढंच. इथे डेडझोन वाढवणं हा चुकीचा उपाय आहे; मध्य हलवायचा. दुसऱ्या प्रकारात स्टिक डावीकडून सोडली की ११९वर थांबते, उजवीकडून सोडली की १३६वर. स्प्रिंग सैल झाल्याची किंवा आत घाण साठल्याची ही खूण. याला डेडझोन लागतो, पण मोजून. तिसऱ्यात हात न लावता आकडा दोन-चार अंकांत सतत थरथरतो. याला फझ वाढवणं पुरतं, आणि स्वच्छता केली तर बऱ्याचदा थरथर जातेच. चौथ्या प्रकारात आकडा उड्या मारतो: १२८, एकदम १९०, पुन्हा १३०. तिथे कार्बनची पट्टी खराब झालेली असते. अशा स्टिकवर सॉफ्टवेअरचे प्रयोग करण्यात वेळ घालवू नका. सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आणि आकडे अगदी ठीक आले तर? तेव्हा दोष स्टिकचा नाहीच. लिनक्सवर हे घडतं. एखादा जुना गेम मोशन सेन्सरलाच दुसरा जॉयस्टिक समजतो आणि कंट्रोलर जरा कलला की कॅमेरा फिरत राहतो. कधी एलटी-आरटी हे ट्रिगर गेमच्या दृष्टीने स्टिकचे अक्ष ठरतात. ट्रिगर मोकळा असताना त्याचा आकडा पल्ल्याच्या तळाला असतो आणि गेमला वाटतं की स्टिक एका टोकाला दाबून धरली आहे. पात्र पूर्ण वेगाने एकाच दिशेला पळत असेल, तर हीच शंका आधी घ्यावी. याला उपाय म्हणजे स्टीम इनपुट चालू करणं किंवा गेममध्ये बटणांची मांडणी नव्याने करणं.

मध्य हलवण्याची युक्ती

पहिल्या प्रकाराकडे सविस्तर वळतो, कारण हा उपाय फार कमी लोकांना माहीत आहे आणि त्याने स्टिकची बारीक हालचाल जराही कमी होत नाही.

गेम मध्य कसा ठरवतो? पल्ल्याची दोन टोकं कर्नलकडून विचारून घेतो आणि त्यांच्या मधोमधचा बिंदू शून्य धरतो. ० आणि २५५च्या मध्ये एकशे साडेसत्तावीस. तुमची स्टिक १३८वर थांबते, म्हणून गेमला ती थोडी उजवीकडे दाबलेली वाटते. स्टिकचा आकडा आपल्याला बदलता येत नाही, पण टोकं बदलता येतात. किमान मर्यादा ०ऐवजी २१ केली, तर २१ आणि २५५चा मध्य बरोबर १३८ येतो. हिशेब सोपा आहे. थांबण्याचा आकडा मध्यापेक्षा मोठा असेल, तर त्याच्या दुपटीतून कमाल मर्यादा वजा करा. येईल ती नवी किमान मर्यादा. आकडा मध्यापेक्षा लहान असेल, समजा ११६, तर दुपटीतून किमान मर्यादा वजा करा. २३२ ही नवी कमाल मर्यादा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची स्टिक ३०००वर थांबत असेल, तर ६०००मधून ३२७६७ वजा करून उणे २६७६७ ही किमान मर्यादा होते.

याची किंमत इतकीच, की डावीकडे स्टिक अगदी टोकाला जायच्या थोडं आधीच गेमला ती टोकाला गेलेली वाटते. खेळताना हे सहसा जाणवतही नाही. उलट १२ टक्क्यांचा डेडझोन दर क्षणी जाणवतो.

मर्यादा बदलायचं साधन म्हणजे ‘एव्हडेव्ह-जॉयस्टिक’. डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये ते ‘जॉयस्टिक’ नावाच्या पॅकेजात येतं, फेडोरामध्ये ‘लिनक्सकन्सोलटूल्स’मध्ये. ‘शोकॅल’ हा पर्याय देऊन पुढे उपकरणाचा मार्ग लिहिला की सध्याच्या मर्यादा दिसतात. मार्ग म्हणजे डेव्ह फोल्डरातल्या इनपुट फोल्डरातली ‘इव्हेंट’ आणि क्रमांक असं नाव असलेली फाइल. एव्हटेस्टच्या यादीत ती दिसते. बदलताना ‘एव्हडेव्ह’ या पर्यायापुढे तो मार्ग, ‘ॲक्सिस’पुढे अक्षाचा क्रमांक आणि ‘मिनिमम’ किंवा ‘मॅक्सिमम’पुढे नवा आकडा द्यायचा. प्रत्येक पर्यायाआधी दोन आडव्या रेघा. अक्षांचे क्रमांक असे: एक्स ०, वाय १, झेड २, आरएक्स ३, आरवाय ४, आरझेड ५. अक्षाचा क्रमांक विसरलात तर बदल सगळ्या अक्षांना लागू होतो आणि चांगला कंट्रोलर बिथरतो. घाबरायचं कारण नाही. केबल काढून पुन्हा लावली की सगळं मूळ पदावर येतं. फझ आणि डेडझोनही याच साधनाने, त्याच नावांच्या पर्यायांनी बदलतात. हे सगळं गेम सुरू करण्याआधी करा, कारण बहुतेक गेम मर्यादा एकदाच, सुरू होताना वाचतात.

केबल काढली की बदल पुसला जातो हा दिलासाही आहे आणि अडचणही. तो टिकवायचा असेल, तर यूडेव्हच्या हार्डवेअर-कोशात एक छोटी फाइल घालावी लागते. एटसी फोल्डरातल्या यूडेव्हमध्ये एचडब्ल्यूडीबी-डॉट-डी नावाचा फोल्डर आहे. तिथे ६१ने सुरू होणाऱ्या आणि डॉट-एचडब्ल्यूडीबीने संपणाऱ्या नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत कंट्रोलरची ओळख, दुसऱ्या ओळीत एक जागा सोडून अक्ष आणि त्याच्या नव्या मर्यादा. नेमका साचा सिस्टिमडीने स्वतःच दिलेल्या ६०-एव्हडेव्ह फाइलच्या सुरुवातीच्या टिपणांत लिहिलेला आहे. ती फाइल उघडून त्यातल्या ओळी नमुन्यासाठी घ्या. ओळख देताना कंपनी आणि मॉडेलच्या क्रमांकांपेक्षा नाव वापरा. क्रमांक दिलात तर त्याच कंट्रोलरचे मोशन सेन्सर आणि टचपॅडही त्या जाळ्यात येतात. नाव एव्हटेस्टमध्ये दिसतं तसंच्या तसं लिहायचं. ब्लूटूथवर ते केबलपेक्षा वेगळं असू शकतं, तेव्हा दोन्ही तपासा. फाइल लिहून झाल्यावर सुडोसह ‘सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ ही कमांड द्या आणि कंट्रोलर काढून पुन्हा जोडा. घरात त्याच मॉडेलचे दोन कंट्रोलर असतील तर हा बदल दोघांनाही लागू होईल, हे लक्षात असू द्या.

गेम कुठून वाचतो

इथवर सगळं नीट करूनही ‘काही फरक पडला नाही’ असं म्हणणारे भेटतात. त्यांचं म्हणणं खरं असतं. लिनक्सवर कंट्रोलरपासून गेमपर्यंत एकच वाट नाही, आणि ज्या वाटेवर दुरुस्ती केली त्या वाटेने गेम जातच नसेल तर फरक पडणार कसा?

सर्वांत जुनी वाट जेएस म्हणून ओळखली जाते. ‘जेएसकॅल’ नावाचं साधन फक्त त्याच वाटेवरचं कॅलिब्रेशन करतं. जुन्या मार्गदर्शनांत त्याचीच शिफारस असते. ‘जेएसटेस्ट-जीटीके’ची सुंदर खिडकीही तेच करते. तिच्यात सगळं हिरवंगार दिसतं आणि गेममध्ये पात्र चालतच राहतं, कारण आजचे गेम ती वाट क्वचितच वापरतात. दुसरी वाट एव्हडेव्ह, जिच्यावर आपण आत्तापर्यंत काम केलं. तिसरी हिडरॉ. एसडीएल या लायब्ररीवर उभे असलेले गेम प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोच्या कंट्रोलरांशी परवानगी मिळाली तर थेट याच वाटेने बोलतात आणि कर्नलच्या मर्यादांना वळसा घालतात. तुमचा गेम असा असेल, तर ‘एसडीएल जॉयस्टिक एचआयडीएपीआय’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल शून्य करून तो सुरू करा. नाव कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर. मग गेम मुकाट्याने एव्हडेव्हवर येतो. मात्र तसं केल्यावर जायरो किंवा टचपॅडसारख्या खास सोयी त्या गेममध्ये जाऊ शकतात.

एसडीएलची आणखी एक सवय माहीत हवी. एव्हडेव्हवरही ती फ्लॅटचा आकडा मूळ स्थितीत पाळत नाही. कच्ची किंमत तशीच गेमला देते. ‘एसडीएल लिनक्स जॉयस्टिक डेडझोन्स’ हे व्हेरिएबल १ केलं तर ती फ्लॅट मानते. म्हणजे एव्हडेव्ह-जॉयस्टिकने डेडझोन वाढवला तरी गेमने तो मानलाच पाहिजे असं नाही. किमान-कमाल मर्यादांचं तसं नाही. त्यांच्याशिवाय गेमला आकड्याचं प्रमाण काढताच येत नाही. म्हणूनच मी मध्य हलवण्याच्या बाजूचा आहे.

चौथी वाट स्टीमची. स्टीम इनपुट चालू असेल तर कंट्रोलर स्टीम वाचतं आणि गेमसमोर एक्सबॉक्स ३६०चा एक आभासी कंट्रोलर उभा करतं. एव्हटेस्टच्या यादीत तसं जादा नाव दिसलं की ओळखावं. अशा वेळी दुरुस्ती स्टीममध्येच करायची. सेटिंग्ज, मग कंट्रोलर, तिथे कॅलिब्रेशनचा पर्याय आहे. प्रत्येक गेमच्या मांडणीत स्टिकचा डेडझोन वेगळा देता येतो आणि तो लहान ठेवून सुरुवात करावी. बहुतेक खेळाडू प्रोटॉनमधून विंडोजचे गेम स्टीमवरच खेळतात, तेव्हा त्यांच्यासाठी ही सर्वांत जवळची वाट. इथे एक कोडंही सुटतं: तोच कंट्रोलर एका गेममध्ये सरळ आणि दुसऱ्यात वाकडा का वागतो? मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटसाठी सुचवलेला डेडझोन डाव्या स्टिकला ७८४९ आणि उजवीला ८६८९ आहे, म्हणजे पल्ल्याच्या जवळपास पाव हिस्सा. ज्या गेमने तो आकडा उचलला, त्यात बराच ड्रिफ्ट झाकला जातो. ज्याने स्वतःचा छोटा डेडझोन ठेवला, त्यात लगेच उघडा पडतो.

डेडझोन द्यावाच लागला तर कागदावरचे आकडे काढा. मध्यापासून सर्वांत लांब थांबलेला आकडा घ्या, त्यात दोन-तीन अंक सुटीचे मिळवा, बस्स. ११९ आणि १३६च्या उदाहरणात नऊ अंकांचं अंतर आहे. बारा पुरतील, म्हणजे नऊ-दहा टक्के. निवड मिळत असेल तर वर्तुळाकार डेडझोन घ्या. प्रत्येक अक्षाला स्वतंत्र लावलेल्या डेडझोनमध्ये मध्यभागी अधिक चिन्हासारखा मेलेला पट्टा तयार होतो आणि स्टिक तिरकी फिरवताना हालचाल सरळ रेषांना चिकटते. आणि १५ टक्क्यांहून जास्त डेडझोन लागत असेल, तर मी तरी तिथे थांबतो आणि स्क्रूड्रायव्हर हाती घेतो.

ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्सवाल्यांना आणखी एक चांगला मार्ग आहे. मुक्त स्रोत असलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं एक कॅलिब्रेशन साधन कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीतच नवा मध्य लिहितं. ते ड्युअलशॉक कॅलिब्रेशन या नावाने ओळखलं जातं. मध्य कंट्रोलरमध्येच बदलल्यामुळे एव्हडेव्ह, हिडरॉ, स्टीम, कुठलीही वाट असो, दुरुस्ती सगळीकडे लागू पडते. वेबएचआयडीची सोय लागते, म्हणून क्रोमियम किंवा क्रोम वापरा. फायरफॉक्समध्ये ते चालत नाही. कंट्रोलर केबलनेच जोडा. ब्राउझरला कंट्रोलर दिसत नसेल तर ‘स्टीम-डिव्हायसेस’ पॅकेज बसवा, त्यातल्या नियमांनी परवानगी मिळते. बदल आधी तात्पुरता करून पाहा, आकडे नीट आले की मगच कायमचा लिहा. नकली कंट्रोलरवर हे साधन सहसा चालत नाही.

स्क्रूड्रायव्हर हाती घेतल्यावर

वॉरंटी शिल्लक असेल तर कंट्रोलर उघडू नका, आधी दुरुस्तीसाठी द्या. ती संपली असेल तर स्वच्छतेपासून सुरुवात करा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा काँटॅक्ट क्लीनर घ्या. सांधे सैल करायला घरात ठेवतात तो वंगणाचा फवारा नको, त्याचा तेलकट थर आत राहतो. न उघडता स्टिकच्या घुमटाखाली थेंब सोडून गोल फिरवण्याने काही दिवस बरे जातात, पण पोटेन्शिओमीटर बाजूला, त्यांच्या वेगळ्या टोपणाखाली असतात आणि थेंब तिथपर्यंत नीट पोहोचत नाही. खरी स्वच्छता उघडूनच होते. ड्युअलशॉक ४ला मागे चार फिलिप्स स्क्रू असतात, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला मधे खुंटी असलेले टॉर्क्स टी-८, जॉय-कॉनला तीन पात्यांचे ट्राय-विंग. आत शिरताच पहिलं काम म्हणजे बॅटरीची पिन काढणं. लिथियमच्या बॅटरीला टोकदार हत्यार लागू देऊ नका. पोटेन्शिओमीटरचं प्लास्टिकचं टोपण हलक्या हाताने सोडवून पट्टी आणि जीभ कापसाच्या काडीने पुसा. पट्टी खरवडू नका. अर्धा तास वाळू द्या, मगच बॅटरी जोडा आणि एव्हटेस्टवर तोच प्रयोग पुन्हा करा.

स्टिक बदलायची असेल तर कंट्रोलरप्रमाणे काम सोपं किंवा अवघड होतं. जॉय-कॉनची स्टिक रिबन केबलने जोडलेली असते, डाख देण्याची गरज नाही. स्टीम डेकमध्येही स्क्रू आणि केबल एवढंच आहे, आणि नवी स्टिक बसवल्यावर डेस्कटॉप मोडच्या टर्मिनलमध्ये ‘थंबस्टिक’ अंडरस्कोर ‘कॅल’ ही कमांड देऊन तिचं कॅलिब्रेशन होतं. ड्युअलसेन्स एजमध्ये तर स्टिकचा भाग हाताने ओढून निघतो. साध्या ड्युअलसेन्समध्ये मात्र एका स्टिकचे १४ डाख सोडवावे लागतात. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हे घरी करू नका, तांब्याची तार उखडली की कंट्रोलर गेलाच. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली हे इलेक्ट्रॉनिक्सचे जुने बाजार आहेत. सोल्डरिंग गन, क्लीनर, काड्या तिथे मिळतात आणि डाखकामात मुरलेला माणूसही सापडतो.

नवी स्टिक घेताना पुन्हा तीच पोटेन्शिओमीटरची न घेता हॉल किंवा टीएमआर सेन्सरची घ्या. यात चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याला न शिवता मोजतो, घासणारं काहीच नाही. हे तंत्र नवं नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते १९९८ सालीच होतं. टीएमआरला वीज कमी लागते, म्हणून बिनतारी कंट्रोलरला ते अधिक योग्य. या स्टिकांचीही स्प्रिंग सैल होऊ शकते, पण पट्टी झिजण्याचा प्रश्न कायमचा मिटतो. थोडे जास्त पैसे पडले तरी ते द्यावेत असं मी आग्रहाने सांगेन.

नवी स्टिक बसली की कॅलिब्रेशन पुन्हा करा, कारण कंट्रोलरच्या स्मृतीत अजून जुन्या स्टिकचा मध्य लिहिलेला असतो. त्याच वेळी हार्डवेअर-कोशात घातलेली ती ६१ क्रमांकाची फाइल काढून टाका, अपडेटची कमांड पुन्हा चालवा आणि स्टीममधला वाढवलेला डेडझोनही खाली आणा. ते राहून गेलं, तर नवीकोरी स्टिकसुद्धा पहिल्या दिवसापासून भरकटेल.